इंदूच्या हातात काय होतं

इंदूचा हात टेम्पोखाली सापडला त्या दुपारी मी तिच्या मागावर बसले होते.

ती आणि मुरलीभाऊजी सकाळीच अंदरसूलला गेले होते, तिच्या भावाचा साखरपुडा होता म्हणून. आमचे हे रेशीम रंगवून आणायला गेलेले, मुलं शाळेत. घरात मी एकटी. इंदू माझी धाकटी जाऊ. येवल्याच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत आम्हा दोघींचे माग शेजारी शेजारी होते, मध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढीच वाट. तिच्या मागावर पैठणीचा पदर अर्धा झाला होता. मी तिच्या जागी बसले आणि वाकून पदराची उलटी बाजू बघायला लागले. चांगल्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखा दिसतो असं म्हणतात, पण खरं तर तसं क्वचित होतं. कुठं एखादी गाठ राहते, कुठं हिरवा धागा लालात शिरतो. मी ती गाठ शोधत होते. ती घरात नसली की मी हे करायचेच.

तेवढ्यात शेजारचे तात्या लोणारी दारात आले. त्यांच्या दुकानात फोन होता. अंदरसूल रस्त्यावर अपघात झाला, दोघं जिवंत आहेत, सरकारी दवाखान्यात नेलंय, मुरलीला खरचटलंय, पण इंदूचा हात चाकाखाली गेला, असं त्यांनी एका दमात सांगितलं.

"कोणता?" मी विचारलं.

त्यांना कळलं नाही. "कोणता काय?"

"हात. कोणता हात?"

"उजवा म्हणतायत."

मी उठले, पायात चपला घातल्या. तात्या पुढं बरेच दिवस लोकांना सांगायचे, वहिनी इतकी घाबरली होती की काहीतरीच विचारत होती.

मी या घरात आले ती एकोणऐंशी साली. वडिलांचं किराणा दुकान होतं, माग मी पाहिलेलाही नव्हता. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, मला मागावर बसवलं. तोवर आमच्या घरातल्या बायका रेशीम उकलायच्या, कांड्यांवर धागा भरायच्या, पण विणायला पुरुषच बसायचे. अण्णा म्हणाले, पोरीची बोटं बारीक आहेत, बसू दे. दोन वर्षांत मी काठ विणायला लागले, पाच वर्षांत पदर. गल्लीतल्या बायका खिडकीतून बघायला यायच्या. दिवट्यांची सून विणते, असं बोललं जायचं. मला ते फार आवडायचं. आवडायचं म्हणजे, मी मुद्दाम खिडकी उघडी ठेवायचे.

इंदू पंच्याऐंशी साली आली. शेतकऱ्याच्या घरातली, उंच, कमी बोलणारी. पहिलं वर्षभर ती माझ्या कांड्या भरून द्यायची आणि मागे उभी राहून बघायची. तिला कुणी शिकवलं नाही. एकदा मी चार दिवस माहेरी गेले आणि परत आले तर माझ्या मागावर एक मुनिया जास्त होती. मुनिया म्हणजे काठावर विणतात तो छोटा पोपट. मी अण्णांना विचारलं, हा कुणी काढला? अण्णा हसले आणि तिच्याकडे बोट दाखवलं. मी त्या पोपटाकडे बराच वेळ बघत बसले. माझ्या पोपटांच्या रांगेत तो एकटाच उडेल असा दिसत होता.

पुढच्या वर्षी अण्णांनी तिच्यासाठी दुसरा माग टाकला.

माझं विणणं वाईट होतं असं नाही. माझ्या हातची लुगडी चांगल्या किमतीला जायची. लोक पदर बघायचे आणि छान आहे म्हणायचे. इंदूचा पदर बघताना मात्र काही बोलायचे नाहीत, नुसता हात फिरवत राहायचे. संध्याकाळी अण्णा दोन्ही मागांमधून चक्कर मारायचे. माझ्यापाशी थांबून काहीतरी सांगायचे, इथं ओढ जास्त झाली, तिथं जरीचा धागा सैल आहे. तिच्यापाशी नुसते थांबायचे. मला त्यांच्या सूचना हव्या असायच्या असं नाही, पण ते तिला का काही सांगत नाहीत, हे मला रात्रभर टोचायचं.

तिचा एकच हट्ट होता. मोराच्या डोळ्याची ओळ आली की ती कुणाशी बोलायची नाही. पोर रडो, दारात पाहुणा येवो, ती तेवढी ओळ संपेपर्यंत मान वर करायची नाही. मी विणताना सारखी बोलायचे. मला तिचा तो अबोला म्हणजे निव्वळ तोरा वाटायचा.

ब्याण्णव साली नाशिकला हातमागाचं मोठं प्रदर्शन भरलं. इंदूनं आठ महिने खपून एक लुगडं विणलं होतं, जांभळ्या अंगाचं, पदरात चौदा बांगडी मोर, बांगडीसारख्या गोलात बसवलेले. अण्णांनी ते स्पर्धेला पाठवायचं ठरवलं. अर्जावर विणकराचं ओळखपत्र जोडायचं होतं आणि ओळखपत्र घरात तिघांचंच होतं, अण्णांचं, ह्यांचं आणि माझं. इंदूचं काढायचं राहून गेलं होतं. अण्णा म्हणाले, सरोजचं नाव घालू, घरातलंच आहे. इंदूला विचारलं तेव्हा ती म्हणाली, घाला की, आक्कांचं काय आणि माझं काय.

लुगड्याला पहिलं बक्षीस मिळालं.

मी स्टेजवर गेले. शाल घेतली, ताम्रपट घेतला. फोटो काढले. एका वार्ताहरानं विचारलं, बाई, मोर इतका जिवंत कसा दिसतो? मला काहीही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "मोराच्या डोळ्याची ओळ आली की मी कुणाशी बोलत नाही."

दोन दिवसांनी ते पेपरात छापून आलं, फोटोसकट. इंदूनं वाचलं. पेपर नीट घडी करून तिनं माझ्या कपाटात ठेवून दिला.

त्यानंतर आमचे व्यापारी नथमलशेठ सरोज दिवट्यांची पैठणी म्हणून माल विकायला लागले. घरात चांगलं काम यायला लागलं, मजुरी वाढली. वरच्या प्रतीची लुगडी इंदू विणायची, मजुरीची चिठ्ठी माझ्या नावानं फाटायची. सुरुवातीला मला लाज वाटायची. मग सवय झाली. मग तर असं व्हायला लागलं की कुणी पाहुण्यानं माझं कौतुक केलं आणि इंदू त्या वेळी खोलीत असली की मला तिचाच राग यायचा, ही इथं का उभी आहे म्हणून.

अण्णा चौऱ्याण्णव साली गेले. अपघात शहाण्णवच्या जानेवारीत झाला.

कांद्याच्या गोण्या भरलेला टेम्पो पुढच्या ट्रॅक्टरला ओलांडायला म्हणून उजव्या अंगाला आला आणि समोरून येणाऱ्या भाऊजींच्या गाडीवर चढला. भाऊजींनी गाडी पार कडेच्या मुरमात घातली होती तरी टेम्पोचा कोपरा लागला. ते गवतात पडले, इंदू रस्त्यावर. टेम्पोचं मागचं चाक तिच्या पंजावरून गेलं. ड्रायव्हर थांबला नाही, दुसऱ्या दिवशी पोलिसांनी धरून आणला. नाशिकला दोन ऑपरेशनं झाली. हात वाचला. अंगठा मात्र वाकेना आणि शेजारच्या दोन बोटांना काही कळेना, गरम नाही, गार नाही.

दवाखान्यात मीच तिच्याजवळ राहिले. तिला भरवलं, न्हाऊ घातलं, रात्री कण्हली की उठून बसले. खोटं कशाला सांगू, मनापासून केलं. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. एकदा ती झोपली असताना मी तिचा बँडेजातला हात उशीवर नीट ठेवत होते आणि माझ्या मनात आलं की आता घरात एकच माग चालेल. तो विचार आला आणि गेला. मी तो ओढून आणला नव्हता, पण त्याला हाकललंही नाही.

घरी आल्यावर तिच्या मागावरचा अर्धा पदर मी पूर्ण केला. नथमलशेठ लुगडं न्यायला आले. त्यांनी पदर मांडीवर पसरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. जिथं तिचं काम संपून माझं सुरू झालं होतं त्या जागी त्यांचं बोट थांबलं. ते म्हणाले, "बाई, मध्ये तब्येत बरी नव्हती का?"

मी म्हणाले, हो, ताप होता.

नुकसानभरपाईचा दावा भाऊजींनी लावला. वकील निफाडचे गोसावी, तरुण होते, कोट त्यांना सैल व्हायचा. चूक कुणाची हा प्रश्न फार ताणला गेला नाही. विमा कंपनीनं आधी भाऊजींवरच ढकलायचा प्रयत्न केला, पण पंचनाम्यात टेम्पोच्या चाकाच्या खुणा रस्त्याच्या भलत्या अंगाला होत्या, आणि मागून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरनं डोळ्यांनी पाहिलेलं सगळं सांगितलं. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा स्पष्ट झाला. अडलं ते पुढं. इंदू कमवत काय होती?

गोसावींनी कागद मागितले. एकाही कागदावर इंदूचं नाव नव्हतं. चिठ्ठ्या माझ्या, ओळखपत्र माझं, बक्षीस माझं. नथमलशेठना साक्षीला या म्हटलं तर ते म्हणाले, व्यापाऱ्यानं कोर्टाची पायरी चढू नये, मला यातून वगळा. गोसावी एका रविवारी घरी आले, माझ्यासमोर बसले. इंदू भिंतीला टेकून बसली होती.

"सरोजताई," ते म्हणाले, "या बाई मागावर नक्की काय करायच्या?"

हे माझ्याकडे बघत होते. ह्यांनी मला आदल्या रात्रीच बजावलं होतं, नाव गेलं तर काम जाईल, काम गेलं तर या घरातली आठ माणसं खातील काय. ते खरंच होतं. पण मी जे उत्तर दिलं ते आठ माणसांसाठी दिलं नाही.

"मदत करायची," मी म्हणाले. "कांड्या भरायच्या, रेशीम उकलायचं. कधीमधी बसायची मागावर."



गोसावींनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, मदतनीस म्हटलं की घरकाम करणाऱ्या बाईला धरतात तेवढीच कमाई धरतील. डॉक्टरांनी हाताचं चाळीस टक्के अपंगत्व लिहिलंय. विमावाले म्हणतील, डाव्या हातानं भाकरी थापता येते, मग नुकसान काय. निघताना ते दारात थांबले आणि चपला घालता घालता मला म्हणाले, "ताई, हात किती गेला ते डॉक्टर सांगतील. त्या हातात काय होतं ते सांगायला मला तुमच्याशिवाय कुणी नाही."

मी मान हलवली. ते गेल्यावर इंदूनं चहाची कपबशी उचलली, डाव्या हातानं. बशी कलंडली, पण तिनं सावरली.

साक्षीची तारीख नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत लागली. भाऊजी, इंदू आणि मी सकाळच्या एस.टी.नं निफाडला गेलो. हे आले नाहीत.

मी पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली. गोसावींनी मला नाव, नातं, घरातलं काम असं विचारलं. मी ठरल्याप्रमाणे उत्तरं दिली. इंदू मदत करायची, हुशार होती, चांगलं करायची. गोसावींच्या आवाजातला जीव हळूहळू कमी होत चाललेला मला कळत होता. ते बसले.

मग विमा कंपनीचे वकील उठले. बापट त्यांचं नाव, केस पांढरे, बोलणं फार गोड. मला वाटलं होतं ते दरडावतील. त्यांनी आधी मला बसायला खुर्ची द्यायची विनंती केली. मग बॅगेतून एक कागद काढला आणि न्यायाधीशांपुढं ठेवून त्याची नक्कल माझ्या हातात दिली. ते ब्याण्णव सालचं कात्रण होतं.

"हा फोटो तुमचाच ना, सरोजताई?"

"हो."

"आमच्या घरीही एक पैठणी आहे, आईची. पण असा पदर मी पाहिला नाही." ते न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, एका साध्या घरातली बाई स्वतःच्या कष्टानं कुठवर जाते याचं हे उदाहरण आहे. अभिमान वाटावा असं."

मला काय झालं ते सांगते. मला आनंद झाला. तिथं, त्या कोर्टात, इंदूसमोर, मला आनंद झाला. मी खुर्चीत थोडी ताठ बसले.

बापट पुढं म्हणाले की यातलं एक वाक्य त्यांना फार आवडलं, आणि त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "मोराच्या डोळ्याची ओळ आली की मी कुणाशी बोलत नाही." त्यांनी चष्मा काढला. "कलावंताचं वाक्य आहे हे. आता मला एवढंच सांगा. दिवट्यांच्या घरात पैठणी विणणाऱ्या तुम्ही. इंदुमतीबाई कांड्या भरणं, रेशीम सोडवणं अशी वरची कामं करायच्या. त्यांना अशी पैठणी येत नव्हती. बरोबर?"

हो म्हणायचं होतं. एकच अक्षर. गेली किती वर्षं मी वाट बघत होते की कुणीतरी शहाण्या, शिकल्यासवरल्या माणसानं चारचौघांत असं म्हणावं. इंदूला येत नव्हतं. मला येत होतं.

आणि ते शब्द त्या माणसाच्या तोंडून ऐकले तेव्हा ते मला साफ चुकीचे वाटले. कुणी भर बाजारात आमच्या नथमलशेठना सुती आणि रेशमी यातला फरक कळत नाही म्हणावं, तसं. या माणसाला काय माहीत? यानं तिचा पदर पाहिलाय कुठं?

मी इंदूकडे पाहिलं. ती बाकावर बसली होती, उजवा हात पदराखाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती बापटांच्या हातातल्या कागदाकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"ते लुगडं तिनं विणलं. ते वाक्यपण तिचंच आहे."

कोर्टात तसे चार-सहाच लोक होते. टाइप करणारा माणूस थांबला. बापट हसून म्हणाले, जावेवरचं प्रेम समजू शकतो, पण तुम्ही शपथेवर आहात. न्यायाधीशांनी त्यांना हातानं थांबवलं आणि मला विचारलं, "बाई, मग बक्षीस?"

"ते मी घेतलं, साहेब."

"तुमचं नव्हतं तरी?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टाइप करणाऱ्याला ते सावकाश सांगून लिहून घेतलं. बापटांनी पुन्हा सुरुवात केली. आता आवाज तेवढा गोड नव्हता. आत्ताच तुम्ही सांगितलंत ती मदत करायची, आता सांगता ती विणायची, यातलं खरं कोणतं? दाव्याची रक्कम वाढावी म्हणून घरात बसून हे ठरवलंय का? एखादी बाई कशी विणते हे तुम्ही इतक्या खात्रीनं कसं सांगता?

मग मी बोलायला लागले. मला थांबता येईना. मी सांगितलं की एका मोराला एका ओळीत चाळीस चाळीस बारक्या कांड्या लागतात, प्रत्येक कांडीवर वेगळा रंग, आणि प्रत्येक ओळीला दोन रंग एकमेकांत अडकवून सोडवावे लागतात. ते काम अंगठा आणि शेजारची दोन बोटं करतात. नेमकी तीच तिची गेली. डॉक्टर चाळीस टक्के म्हणतात, पण विणणाऱ्या बाईचं शंभर टक्के गेलंय. मी सांगितलं की ती जरीचा धागा ओढते तेव्हा तो कधी करकरत नाही, माझा करकरतो. तिच्या मोराची मान जिथं वळते तिथं ती एक ओळ निळ्याची जास्त घालते, म्हणून मान वळलेली दिसते. मी तसं करून पाहिलं तर माझ्या मोराला गलगंड झाल्यासारखं दिसलं. तिनं आठ महिन्यांत केलं ते मला अकरा महिने लागले असते, आणि तरी ते तसं झालं नसतं.

"तुम्हाला एवढं बारीक कसं माहीत?" बापटांनी विचारलं.

"मी नऊ वर्षं तिच्या पदरात चूक शोधत होते, साहेब. ती घरात नसली की बसायचे शोधत."

"सापडली?"

"नाही."

बापट बसले.

निकाल पुढच्या वर्षी लागला. चूक पूर्णपणे टेम्पोवाल्याची धरली. इंदू कुशल विणकर होती, तिचं उत्पन्न त्या दर्जाच्या विणकराएवढं होतं आणि तिचा धंदा कायमचा बुडाला, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. माझ्या साक्षीला त्यांनी दीड पान दिलं होतं. साक्षीदारानं स्वतःच्या प्रतिष्ठेविरुद्ध सांगितलेलं असल्यानं ते विश्वासार्ह वाटतं, असं त्यात वाक्य होतं. गोसावींनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. त्या पैशातून भाऊजींनी मागच्या बाजूला दोन खोल्या काढल्या आणि बाकीचे मुलीच्या नावावर ठेवले.

हे माझ्याशी तीन महिने धड बोलले नाहीत. नथमलशेठनी माझ्या नावाची चिठ्ठी फाडणं बंद केलं आणि दर कमी केला. मग दोन्ही गोष्टी हळूहळू अंगवळणी पडल्या.

पण गावात वेगळंच झालं. ज्यांना ज्यांना कळलं ते मला मान द्यायला लागले. तात्या लोणारी म्हणाले, वहिनी, मन असावं तर असं. गल्लीतल्या बायका लेकीसुनांना माझं उदाहरण द्यायच्या. बक्षीस सोडायला काळीज लागतं, जावेसाठी आजकाल कोण करतं. गोसावी तर मला भेटले की वाकून नमस्कार करायचे. मला ते आवडायला लागलं. हळदीकुंकवाला कुणी विचारलं की मी सांगायचे, वकिलानं कसा कागद काढला, न्यायाधीश कसे माझ्याकडे बघत राहिले. सांगता सांगता गोष्ट चांगली होत गेली. इंदूच्या पदराचं वर्णन त्यात कमी होत गेलं आणि माझं धाडस वाढत गेलं. आधी मोरासाठी मिळत नव्हता एवढा मान मला मोर सोडल्याबद्दल मिळत होता.

एका सकाळी कोपरगावच्या एक पाहुण्या बाई आल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. इंदू मागच्या दारात गहू निवडत बसली होती. पाहुण्या बाईंनी डोळे पुसले, माझ्या हातावर हात ठेवला आणि गेल्या. मी आत आले.

इंदूनं सूप बाजूला ठेवलं. "आक्का, एक विचारू?"

"विचार की."

"हात असता, तर सांगितलं असतंत?"

मला आधी कळलंच नाही. म्हणजे, कळलं, पण कळलं नाही असं दाखवायला मला थोडा वेळ हवा होता. मी म्हणाले, काय सांगितलं असतं?

"मी तुमच्यापेक्षा चांगली विणते, हे." ती शांतपणे बोलत होती. तिला राग आलेला नव्हता. "समजा अपघातात माझा पाय गेला असता. हात शाबूत असता. उद्या पुन्हा मी तुमच्या शेजारच्या मागावर बसणार असते. तर त्या कोर्टात तुम्ही काय म्हणाला असतात?"

खोटं बोलायला पुष्कळ जागा होती. कुठल्याही बाईनं म्हटलं असतं, अगं असं काय बोलतेस. मी ओट्यापाशी उभी राहिले आणि तो प्रसंग खरंच डोळ्यापुढं आणून पाहिला. इंदू बाकावर बसलेली, दोन्ही हात मांडीवर, दहाही बोटं नीट. बापट वाचतायत, मोराच्या डोळ्याची ओळ. त्यांना पैठणी येत नव्हती, बरोबर?

"हो म्हणाले असते," मी म्हणाले. "नसतं सांगितलं."

इंदूनं मान हलवली. "मला वाटलंच."

मग मला वाटलं काहीतरी बोलावं, माफी मागावी, पण कशाची मागू हे नेमकं सुचेना. जे केलं त्याची मागायची की जे केलं नसतं त्याची?

तिनंच ते सोडवलं. अपघातापासून तिची वेणी मी घालत होते. एका हातानं तिला जमायची नाही. तिनं पाट ओढला, माझ्याकडे पाठ करून बसली आणि डाव्या हातानं कंगवा मागं धरला.

"घाला," ती म्हणाली. "आणि जरा ओढून घाला. कालची दुपारपर्यंत सुटली."